अपमान, सौदा आणि अधःपात : ‘घाशीराम कोतवाल’च्या नायकाचा नैतिक प्रवास

१

चारचौघांसारखा जगणारा माणूस गुन्हेगार कसा होतो, हा प्रश्न साहित्याला नवा नाही. गेल्या अडीच दशकांत दूरचित्रवाणी मालिकांनी तो जगभर पुन्हा चर्चेत आणला, एवढेच. ‘द सोप्रानोज’ (१९९९–२००७) आणि त्यानंतर आलेली ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८–२०१३) या अमेरिकन मालिकांनी ‘प्रतिनायक’ ही संकल्पना अभ्यासकांपुरती न ठेवता सामान्य प्रेक्षकांच्या बोलण्यात आणली. प्रतिनायक हा खलनायक नव्हे. खलनायक नायकाच्या वाटेत उभा असतो; प्रतिनायक नायकाच्याच जागी उभा असतो. कथानक त्याच्या डोळ्यांनी पाहिले जाते, त्याच्या सुखदुःखांशी वाचक-प्रेक्षक बांधला जातो आणि तरीही त्याची कृत्ये नायकाला शोभणारी नसतात. अशा पात्राचा अधःपात हाच कथानकाचा विषय असतो, तेव्हा साहित्यकृतीला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : कालचा सामान्य माणूस आणि आजचा गुन्हेगार यांच्या मधल्या जागेत नेमके काय आहे?

या मधल्या जागेचे स्वरूप कृतीगणिक बदलते आणि त्यावरच त्या कृतीचा नैतिक आशय ठरतो. ती जागा व्यसनाने भरली, तर अधःपात हा दुबळेपणाचा परिणाम ठरतो. परिस्थितीने भरली, तर तो समाजाचा अपराध ठरतो. व्यक्तीच्या निवडीने भरली, तर त्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर येते. मराठीत या प्रश्नाची सर्वांत धारदार मांडणी विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) झाली. या नाटकावर विपुल लिहिले गेले. परंतु ते लेखन प्रामुख्याने नाना फडणविसाच्या चित्रणाभोवती, सत्तेच्या स्वरूपाभोवती आणि लोकनाट्याच्या घटकांच्या उपयोगाभोवती फिरत राहिले. घाशीराम हा ज्याचा नैतिक अधःपात घडतो असा माणूस आहे, ही साधी गोष्ट या चर्चेत मागे पडली. नाना आणि पुणे यांनी घाशीराम घडवला, हे खरेच आहे. मात्र या विधानापाशी थांबणारी समीक्षा नाटकाचा अर्धाच अर्थ हाती घेते.

२

घाशीरामाकडे वळण्यापूर्वी त्याच्या एका पूर्वसूरीचा विचार करणे आवश्यक आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९च्या फेब्रुवारीत बडोद्यास रंगभूमीवर आणले. नाटककाराचे निधन त्याआधी जेमतेम महिनाभर झाले होते. मद्यपानविरोधी बोधनाट्य म्हणून आणि सिंधूच्या करुण कहाणीमुळे हे नाटक गाजले. मात्र सुधाकराच्या बाजूने पाहिले, तर सभ्य, बुद्धिमान, सुविद्य माणसाच्या गुन्हेगारीपर्यंतच्या घसरणीचा मराठीतला तो पहिला सविस्तर नकाशा आहे.

या घसरणीचे मूळ दारूत नाही, अपमानात आहे. सुधाकर हा मानी वकील. भर कोर्टात त्याचा पाणउतारा होतो, त्याची सनद तात्पुरती रद्द होते आणि हा सल विसरण्यासाठी तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. त्यानंतरचे अंक पायऱ्यांसारखे उतरत जातात. महत्त्वाची गोष्ट अशी, की मध्येच सुधाकराला परत वर येण्याची इच्छा होते. तो प्याला सोडतो, नोकरीसाठी दारोदार फिरतो. परंतु एकदा डागाळलेल्या माणसावर विश्वास ठेवायला कोणी तयार नसते. दुसरा अपमान पहिल्याहून खोल जातो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. शेवटी त्याच्या हातून स्वतःच्या मुलाचा जीव जातो, सिंधू मरणाच्या दारात पोहोचते आणि त्याही स्थितीत पोलिसांसमोर खोटे बोलून ती नवऱ्याचा गुन्हा आपल्या पदराखाली झाकते.

गडकऱ्यांनी सामान्य माणूस आणि गुन्हेगार यांच्यामधली जागा व्यसनाने भरली. त्यामुळे सुधाकराच्या मानीपणाचा धागा नाटकात असूनही नजरेआड होतो आणि प्रेक्षक सारा दोष बाटलीवर टाकून घरी जाऊ शकतो. तरीही पुढच्या कृतींना उपयोगी पडणारी तीन सूत्रे या नाटकाने मराठीत रुजवली : अधःपाताची सुरुवात दारिद्र्याने नव्हे तर अपमानाने होते, तो पायरीपायरीने घडतो, आणि त्याची किंमत घरातल्या स्त्रीला मोजावी लागते. तेंडुलकरांनी यातले पहिले आणि तिसरे सूत्र स्वीकारले, दुसरे मात्र नाकारले. या नकारातच ‘घाशीराम कोतवाल’चा आशय साठलेला आहे.

३

घाशीराम सावळदास ही ऐतिहासिक व्यक्ती. नाटकात तो कनोजहून पुण्याला आलेला ब्राह्मण आहे. इतिहासग्रंथांत मात्र तो औरंगाबादचा राहणारा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण म्हणून येतो. १७७७मध्ये त्याला पुण्याची कोतवाली मिळाली आणि ती चौदा वर्षांहून अधिक काळ त्याच्याकडे राहिली. १७९१च्या ऑगस्टअखेरीस दक्षिणेतून आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोर ठरवून त्याच्या माणसांनी कोंडून ठेवले. त्या कोंदट जागेत वीसहून अधिक ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले आणि ३१ ऑगस्ट रोजी जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट याच्या काळातली ही घटना. पुढे १८६३मध्ये मोरोबा कान्होबांनी घाशीरामाच्या नावाने पुस्तक लिहिले. मराठी गद्यकथेच्या आरंभकाळातल्या त्या पुस्तकात कोतवालाचे पात्र बव्हंशी नानाविध माहिती सांगण्यासाठीचे निमित्त आहे. त्याच्या मनाचा तळ शोधण्याचे काम तेंडुलकरांपर्यंत शिल्लकच राहिले.

औरंगाबाद की कनोज, हा तपशिलाचा भेद वाटतो तितका किरकोळ नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबाद (२०२३पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर) निजामाच्या मुलखात होते. मात्र १७६३मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेल्यानंतर शहराचे जुने वैभव ओसरू लागले होते. उताराला लागलेल्या राजधानीतून चढत्या सत्तेच्या शहराकडे पोटासाठी निघालेला माणूस, हे ऐतिहासिक घाशीरामाचे चित्र सहज समजण्याजोगे आहे. तो फार लांबून आलेला नव्हता. पुण्याला तो परका वाटला, तो अंतरामुळे नव्हे. पेशवाईच्या राजधानीत मान, दक्षिणा आणि अधिकार यांचे जे वाटप होते, त्यात त्याला जागा नव्हती म्हणून. तेंडुलकर त्याला कनोजला नेतात आणि हे परकेपण भाषेने, वेशाने, उच्चाराने रंगमंचावर एका क्षणात दाखवता येईल असे करतात. नाट्यदृष्ट्या ते योग्यच आहे. परंतु मराठवाड्यातल्या वाचकाला मूळ तपशील एक वेगळी जाणीव देतो : ज्याला पुण्याने बाहेरचा म्हणून हाकलले, तो फार तर चार मुक्काम पलीकडचा होता. परकेपण हा भूगोलाचा भाग नसून सत्तेच्या व्यवहाराचा भाग आहे, हे नाटकाचेच सूत्र या तपशिलाने अधिक पक्के होते.

४

नाटकातल्या घाशीरामाचा अपमान दोनदा होतो. पहिला बावनखणीत. गुलाबीच्या दारी तो पडेल ते काम करणारा माणूस आहे. नानाच्या दुखावलेल्या पायाला तो आधार देतो, नाना खूश होऊन त्याला कंठा देतो आणि गुलाबी तो कंठा हिसकावून घेऊन त्याला बाहेर काढते. दुसरा अपमान पर्वतीवर. दक्षिणेच्या गर्दीत त्याच्यावर चोरीचा आळ येतो, त्याला मारहाण होते, कोठडी मिळते. खरा चोर सापडल्यावरही त्याची क्षमा मागितली जात नाही. त्याला शहराबाहेर काढले जाते. पहिल्या प्रसंगात त्याचे बक्षीस जाते, दुसऱ्यात नाव जाते. तेव्हा तो पुण्याचा सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो.

येथपर्यंत घाशीराम आणि सुधाकर एकाच वाटेवर आहेत. निरपराध माणसाचा भर समाजात पाणउतारा झालेला आहे. गडकरी यानंतर पायऱ्या रचतात. तेंडुलकर पायऱ्याच ठेवत नाहीत. शपथेनंतर जे येते तो सौदा आहे. कीर्तनाच्या निमित्ताने नानाची नजर ललितागौरीवर पडलेली असते. घाशीराम आपली मुलगी त्याच्या स्वाधीन करतो आणि मोबदल्यात पुण्याची कोतवाली मागून घेतो. हळूहळू बिघडत जाण्याची, एका छोट्या खोट्यातून मोठ्या खोट्यात शिरण्याची कोणतीही अवस्था नाटककाराने दाखवलेली नाही. अपमानित बाप आणि मुलीचा सौदा करणारा माणूस यांच्यात रंगमंचावर काही क्षणांचेच अंतर आहे.

पात्राच्या मनोविकासाच्या दृष्टीने हा दोष म्हणता येईल, आणि घाशीरामाचे व्यक्तिचित्र सपाट आहे, तो माणूस नसून केवळ प्रतीक आहे, असे त्यावरून ठरवता येईल. परंतु पायऱ्या गाळण्याचा एक निश्चित परिणाम होतो. पायरी ही नेहमीच सबब पुरवते. प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा थोडीच खाली असते आणि ‘थोडेच’ या शब्दात माणूस स्वतःला लपवू शकतो. सौद्यात ‘थोडेच’ नसते. काय द्यायचे आणि काय घ्यायचे, हे दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर असते. घाशीरामाला आपण काय देत आहोत हे पुरते ठाऊक आहे. सौद्यानंतर तो प्रेक्षकांसमोर स्वतःचे कृत्य उघड बोलून दाखवतो आणि स्वतःचा धिक्कारही करतो. अजाणता घसरलेला माणूस असे बोलत नाही. त्याच्या अधःपाताचा बिंदू त्यामुळे नेमका दाखवता येतो. कोतवाल झाल्यावर तो जे जुलूम करतो, रात्रीच्या संचारावर परवान्यांची सक्ती, संशयितांचे हाल, तापलेल्या लोखंडाचे दिव्य, ते सारे या बिंदूनंतरचे आहे. दुसऱ्या अंकातली क्रूरता वाढत जाते, पण नैतिक दृष्ट्या तो तेथे नवीन काही गमावत नाही. जे गमवायचे ते त्याने कोतवालीची वस्त्रे अंगावर घेण्यापूर्वीच गमावलेले असते.

नानाचे गणित याच्या उलट आहे आणि तितकेच स्वच्छ आहे. कोतवाली दिल्यानंतरच्या स्वगतात तो आपला हिशेब मांडतो : या परक्या माणसाचा ना कोणी आप्त ना पाठीराखा, लोकांचा राग त्याच्यावर जाईल आणि आपली पापेही त्याच्याच नावावर जमा होतील. घाशीराम समजतो की त्याने सत्ता विकत घेतली. प्रत्यक्षात त्याला सत्तेची झळ अंगावर घेण्याचे काम मिळालेले असते. सौद्यातली ही विषमता घाशीरामाला कळत नाही, म्हणून तो शोकांत नायकाच्या जवळ जातो. सौदा मात्र त्याने जाणूनबुजून केलेला असतो, म्हणून तो केवळ बळी ठरत नाही.

५

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘घाशीराम’चा पहिला प्रयोग केला. भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन आणि मोहन आगाशे यांचा नाना, यांनी हा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदला गेला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. कलावंत बाहेर पडले, १९७३मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि १९७४च्या जानेवारीत नाटक पुन्हा सुरू झाले. १९८०च्या युरोप दौऱ्याच्या वेळी वाद पुन्हा पेटला.

या वादाने नाटकाचे वाचन दीर्घकाळ दोन बाजूंत वाटून टाकले. विरोधकांचा आक्षेप नानाच्या आणि ब्राह्मण समाजाच्या बदनामीचा होता. समर्थकांनी तेंडुलकरांच्याच भूमिकेचा आधार घेतला : हे ऐतिहासिक नाटक नाही, विशिष्ट समाजस्थितीत घाशीराम निर्माण होतात, त्या प्रक्रियेविषयीचे हे नाटक आहे. हा युक्तिवाद रास्त होता आणि त्या काळात आवश्यकही होता. परंतु तो समीक्षेत स्थिरावत गेला, तसतसा ‘निर्माण होतात’ या क्रियापदाचा भार वाढत गेला. घाशीराम निर्माण केला जातो, वापरला जातो, फेकला जातो, अशी कर्मणी रूपे रूढ झाली. विरोधकांना नानाची अब्रू वाचवायची होती, समर्थकांना सत्तेचे यंत्र उघडे करायचे होते. दोन्हीकडून वाचताना घाशीराम स्वतः कर्ता म्हणून काय करतो, हा प्रश्न बाजूला पडला.

संहितेत मात्र या प्रश्नाची उत्तरे आहेत. पहिले, सौद्याचे. दुसरे, गौरीच्या मृत्यूचे. तिचा मृत्यू रंगमंचावर घडत नाही. घाशीरामाला तो शोधून काढावा लागतो. पुरलेली मुलगी उकरून पाहणारा बाप नानाकडे धावतो, तेव्हा सूड घेण्याची ताकद त्याच्या हातात आहे आणि कारणही आहे. नाना गोड बोलतो, समजूत घालतो आणि घाशीराम परततो. या परतण्याचे स्पष्टीकरण केवळ नानाच्या धूर्तपणाने होत नाही. पहिल्या सौद्यात त्याने मुलगी दिली होती. या दुसऱ्या वेळी तो तिच्या मरणाचा जाब मागण्याचा हक्क देऊन टाकतो. त्यानंतर त्याची चीड शहरावर वळते, म्हणजे ज्याने अपराध केला त्याच्यावर नव्हे तर ज्याच्यावर हात टाकता येतो त्याच्यावर. अपमानिताचा सूड अशा रीतीने सत्तेच्याच सोयीचा होतो.

तिसरे उत्तर अखेरच्या दृश्यात आहे. दगड घेऊन आलेल्या जमावासमोर घाशीराम दयेची याचना करत नाही. तो शिक्षा मागतो आणि ती मुलीच्या मृत्यूसाठी मागतो. साऱ्या नाटकात स्वतःची जबाबदारी स्वतःच्या तोंडाने मान्य करणारे एकच पात्र आहे आणि ते घाशीरामाचे आहे. त्याला निव्वळ व्यवस्थेचा बळी म्हणणारी समीक्षा त्याने कमावलेला हा एकमेव नैतिक क्षण त्याच्याकडून काढून घेते.

याचा अर्थ दोष व्यक्तीवर टाकून समाजाला मोकळे करणे असा होत नाही. नाटकाची रचनाच ते होऊ देत नाही. प्रेक्षकांकडे पाठ फिरवून उभी राहणारी माणसांची ओळ कधी भिंत होते, कधी पडदा, कधी गर्दी. या भिंतीतलीच माणसे बावनखणीत जातात, पर्वतीवर दक्षिणा घेतात, घाशीरामाला चोर म्हणून बडवतात, पुढे त्याच्या जुलमाखाली भरडली जातात आणि अखेर त्याला ठेचतात. पडद्याआड काय चालले आहे हे पडद्याला माहीत असते, कारण पडदा माणसांचाच असतो. जबाबदारी येथे नाना, नगर आणि घाशीराम यांच्यात विभागली जाते. परंतु विभागल्यामुळे कोणाचाही वाटा कमी होत नाही. ‘व्यवस्था की व्यक्ती’ हा पर्यायच नाटकाने नाकारलेला आहे.

या मांडणीत एक उणीव राहते आणि ती नोंदवणे आवश्यक आहे. ज्या मुलीच्या सौद्यावर सारे नाटक उभे आहे, तिच्या वाट्याला मोजकीच वाक्ये आली आहेत. सिंधूचे दुःख गडकऱ्यांनी पाच अंक आणि अनेक पदे देऊन उभे केले. तिच्या पतिव्रतेच्या आदर्शाबद्दल आजच्या वाचकाचे मतभेद असू शकतात, पण ती विसरली जात नाही. गौरी विसरली जाते. तिला सत्तेच्या खेळातली सोंगटी म्हणून दाखवणे हा नाटककाराचा हेतू असावा. पण सोंगटी म्हणून दाखवलेली व्यक्ती वाचकाच्या मनातही सोंगटीच राहण्याचा धोका असतो. नाटकाभोवतीच्या वादात नानाच्या चारित्र्याची जितकी चिकित्सा झाली, त्या मानाने गौरीच्या मृत्यूची फारशी झाली नाही, यात समीक्षेचा दोष आहेच. काही अंशी तो संहितेचाही आहे.

६

तेंडुलकरांनी हाच प्रश्न अकरा वर्षांनी वेगळ्या माध्यमात हाताळला. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारलेल्या, गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ (१९८३) या हिंदी चित्रपटाची पटकथा त्यांची. चित्रपटाचे नाव दिलीप चित्रे यांच्या कवितेशी जोडलेले. यातला अनंत वेलणकर ओम पुरी यांनी उभा केला. १९७६मध्ये ‘घाशीराम कोतवाल’वर निघालेल्या चित्रपटातला घाशीरामही त्यांचाच होता. योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे, कारण वेलणकर हा घाशीरामाचा आधुनिक वंशज आहे. दोघांच्याही हाती शहराच्या बंदोबस्ताची सत्ता आहे आणि दोघांनाही ती सत्ता उसनी असल्याचे उशिरा कळते.

फौजदार वेलणकराच्या अपमानाची सुरुवात बालपणात होते. हवालदार बाप आईला मारतो आणि मुलगा काहीच करू शकत नाही. पुढे बापाच्याच सक्तीने तो पोलिसात येतो. रामा शेट्टीच्या माणसांवर कारवाई करताना वरून सूचना येते आणि त्याला माघार घ्यावी लागते. कामगिरीचे श्रेय दुसऱ्याला दिले जाते. साठत गेलेला हा राग एका किरकोळ संशयिताच्या अंगावर उतरतो आणि कोठडीत त्याच्या हातून माणूस मरतो. येथे पायऱ्या आहेत, घाशीरामासारखी उडी नाही. सुटकेसाठी तो ज्या रामा शेट्टीचा तिरस्कार करत आला त्याच्याच दारात जातो, तेव्हा मात्र घाशीरामाच्या जागेवर येऊन पोहोचतो. समोर सौदा मांडलेला असतो : संरक्षण घ्यायचे आणि मोबदल्यात स्वतःला द्यायचे. वेलणकर सौदा मोडतो, रामा शेट्टीचा गळा आवळतो आणि ठाण्यात जाऊन गुन्हा कबूल करतो.

हा शेवट सुटकेचा नाही. सौदा नाकारण्यासाठी त्याच्याजवळ खुनाखेरीज दुसरी भाषा उरलेली नाही, ही त्याच्या अधःपाताचीच खूण आहे. तरीही एक फरक मोलाचा आहे. घाशीरामाच्या अपमानाची किंमत गौरीने मोजली. वेलणकराच्या बाबतीत ज्योत्स्ना ही सुशिक्षित, विचारी स्त्री ती किंमत मोजण्यास नकार देते आणि त्याच्या हिंसेपासून स्वतःला बाजूला काढते. सिंधू, गौरी आणि ज्योत्स्ना या क्रमात केवळ स्त्रीप्रतिमेचा बदल नाही. अपमानित पुरुषाच्या दुःखाला घरातल्या स्त्रीने तारण राहिलेच पाहिजे, हा गृहीत करार येथे प्रथम मोडतो.

७

या पार्श्वभूमीवर दूरचित्रवाणी मालिकेतल्या प्रतिनायकाकडे पाहिले, तर त्याचे वेगळेपण ध्यानात येते. ‘ब्रेकिंग बॅड’च्या बासष्ट भागांत वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा शिक्षक कर्करोगाचे निदान झाल्यावर कुटुंबासाठी पैसा ठेवण्याच्या इराद्याने अमली पदार्थ बनवू लागतो आणि अखेर निर्दय गुन्हेगार होतो. वरवर पाहता त्याचे मूळ गरजेत आहे. परंतु जुने सहकारी उपचारांचा खर्च उचलण्याची तयारी दाखवतात आणि तो नकार देतो, तेव्हा ते मूळही अपमानातच असल्याचे उघड होते. आपल्या बुद्धीवर इतर श्रीमंत झाले, हा सल त्याला कर्करोगापेक्षा जास्त बोचतो. डोळ्यांसमोर गुदमरणाऱ्या तरुणीला वाचवणे शक्य असताना तो नुसता पाहत राहतो, हा त्याच्या सौद्याचा क्षण. शेवटच्या भागात तो मान्य करतो की हे सारे त्याने स्वतःसाठी केले. सुधाकर, घाशीराम आणि वॉल्टर यांच्यात संस्कृतीचे अंतर कितीही असले, तरी जखम एकाच जागेची आहे.

भेद पडतो तो काळाच्या उपयोगात. मालिका सामान्य माणूस आणि गुन्हेगार यांच्यामधली जागा वेळेने भरते. पाच पर्वे सोबत राहिलेल्या माणसाची प्रेक्षकाला सवय होते. प्रत्येक पायरीचे कारण त्याला ठाऊक असते, आणि कारण ठाऊक असणे व कृत्य मान्य असणे यांतली सीमा हळूहळू पुसट होते. प्रतिनायक पकडला जाऊ नये असे प्रेक्षकाला वाटू लागते. उत्तम मालिका या भागीदारीची जाणीव करून देऊन प्रेक्षकालाच अस्वस्थ करते, आणि ती या प्रकाराची खरी ताकद आहे. सामान्य मालिका मात्र सहानुभूती पिकवून थांबते. ‘घाशीराम’ला ही सवय लावायला वेळच नाही. तेथे प्रेक्षकाच्या तोंडासमोर माणसांची पाठमोरी भिंत आहे. ती त्याला घाशीरामाच्या जवळ जाऊ देत नाही, उलट भिंतीतली आपली जागा कोणती, हे विचारते.

मराठी दैनंदिन मालिकांनीही गुन्हेगाराला केंद्रस्थानी आणून पाहिले आहे. २०२०मध्ये सुरू झालेली ‘देवमाणूस’ हे त्याचे लोकप्रिय उदाहरण. पण तिच्या केंद्रस्थानी असलेला तोतया डॉक्टर गावात येतो तोच मुखवटा चढवून. तेथे पायरीही नाही आणि उडीही नाही. आहे तो मुखवटा कधी गळून पडेल याची उत्कंठा. असा नायक प्रेक्षकाला भीती दाखवतो, पण सुरक्षितही ठेवतो, कारण तो मुळातच वेगळ्या जातकुळीचा आहे असे मानण्याची सोय असते. प्रतिनायकाची कथा ही सोय काढून घेते. सुधाकर वकील होता, वेलणकर कर्तव्यनिष्ठ फौजदार, घाशीराम पोटासाठी पुण्याला आलेला गृहस्थ. त्यांच्यात आणि प्रेक्षकात फरक असलाच, तर तो अजून न झालेल्या अपमानाचा आणि अजून समोर न आलेल्या सौद्याचा.

अपमान हे अधःपाताचे कारण आहे, समर्थन नव्हे. हा भेद टिकवणे प्रतिनायकाच्या समीक्षेचे पहिले काम आहे. ‘घाशीराम कोतवाल’ तो किती कठोरपणे टिकवते, हे नाटकाच्या अखेरीस दिसते. घाशीराम गौरीसाठी शिक्षा मागतो. जमाव त्याला ब्राह्मणांच्या मृत्यूसाठी मारतो. ज्या गुन्ह्याबद्दल तो स्वतःला दोषी मानतो, त्याचा जाब पुण्यात कोणीच विचारत नाही, कारण त्या सौद्याची दुसरी सही ज्याची आहे तोच त्याच्या मृत्यूच्या हुकमावरही सही करतो. त्यानंतर नाना लोकांसमोर येऊन शहराची पीडा टळल्याचे सांगतो आणि उत्सवाचा आदेश देतो. भिंत पुन्हा नाचू लागते. एक गुन्हेगार संपलेला असतो. मुलीच्या मृत्यूचे प्रकरण मात्र उघडलेलेच नसते.